शाळेचा डबा

मूल शाळेत जायला लागले की आपण दप्तर घेतो, गणवेश शिवतो. पुस्तक फाटले तर नवे आणतो. गुरुजी नीट शिकवतात की नाही, याची चौकशीही करतो. डब्यात काय आहे, हे मात्र घरातली फार थोडी माणसे पाहतात. आई घाईघाईत काहीतरी भरते. बापाला तर डबा स्टीलचा आहे की प्लॅस्टिकचा, हेही ठाऊक नसते. म्हणून आजचा धडा डब्यावर आहे.

पूर्वी बहुतेकांची शाळा गावातच असे. दुपारची घंटा झाली की पोरे धावत घरी येत आणि भाकरी-कालवण खाऊन परत जात. आता तसे राहिले नाही. कोणाचे मूल वस्तीवरून दोन-तीन किलोमीटर चालत येते. कोणाचे मूल तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाते. सकाळी साडेसातला वडापची जीप येते आणि दुपारी तीनला मूल परत येते. निघताना पोटात काय असते? कपभर चहा आणि त्यात बुडवलेली दोन बिस्किटे. मग साडेसात तासांचा सगळा भार त्या एका डब्यावर पडतो.

कोणी म्हणेल, "आमच्या शाळेत खिचडी मिळते की! मग डबा कशाला?"

बरोबर आहे. ही योजना देशात १९९५ साली सुरू झाली. तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलाला महिन्याला ३ किलो धान्य घरी देत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला, की शाळेतच शिजवलेले अन्न द्या. मग शाळेत चुली पेटल्या. २०२१ पासून या योजनेला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे लांबलचक नाव आहे. गावात तिला अजून खिचडीच म्हणतात. योजना फार चांगली आहे. पण तिच्याविषयी दोन गोष्टी ध्यानात धरा.

पहिली गोष्ट. हे अन्न सरकारी शाळा, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळा, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळा यांनाच मिळते. जी खासगी शाळा अनुदान घेत नाही, तिथे खिचडी नाही. तालुक्याच्या इंग्रजी शाळा बहुधा अशाच असतात. फी भरून मूल तिकडे घातले, म्हणजे खिचडी सुटली. तेव्हा डबा चांगलाच हवा.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. अन्नातली ताकद मोजायचे एक माप आहे. त्याला कॅलरी म्हणतात. दूध जसे लिटरने मोजतात, तशी ताकद कॅलरीने मोजतात. दुसरा शब्द प्रथिने. अंगाचे मांस आणि रक्त ज्यातून घडते, तो अन्नातला भाग म्हणजे प्रथिने. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कोणाला किती अन्न लागते, हे तिथले जाणकार ठरवतात. त्यांनी २०२० साली सांगितले, की सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. शाळेच्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. म्हणजे प्रथिने निम्मी झाली, पण ताकदीचा जेमतेम चौथा हिस्सा झाला. बाकीचे तीन हिस्से घरूनच यायला हवेत. तेव्हा खिचडीच्या शाळेत जाणाऱ्या मुलालाही सकाळी पोटभर न्याहारी द्या. छोट्या सुट्टीसाठी मूठभर शेंगदाणे किंवा एक लाडू बरोबर द्या.

आता डब्यात काय घालायचे ते पाहू.

आम्ही माणदेशाकडचे. आमच्याकडे पाऊस कमी. पण बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा, तूर, शेंगा यांतले काही ना काही घरात असतेच. हेच डब्याला हवे असते. डब्यात भाकरी किंवा चपाती हवी. तिने ताकद येते. तिच्याबरोबर डाळ, उसळ, दाण्याची चटणी, अंडे यांतले एक हवे. त्याने अंग वाढते. पालेभाजी किंवा फळभाजी हवी. तिने डोळे, रक्त, कातडी चांगली राहते. आणि वरून थोडे तेल किंवा तूप, आणि लिंबाची फोड. एवढे असले की डबा भरला.

भाकरी आणि डाळ ही जोडी आपल्या वाडवडलांनी उगीच जमवली नाही. भाकरीच्या प्रथिनात जे उणे असते, ते डाळीत असते. डाळीत जे उणे, ते भाकरीत असते. दोन्ही एकत्र खाल्ले की अंगाला पुरे पडते. नुसता भात खाऊन किंवा नुसती भाकरी-मिरची खाऊन ते साधत नाही. बाजरीत आणखी एक गुण आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. लोह म्हणजे रक्त लाल करणारा भाग. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते दिवसाला १५ मिलिग्रॅम लागते. कोकणात आणि कोल्हापूरकडे नाचणी खातात. हाडांना चुना लागतो, त्याला कॅल्शियम म्हणतात. नाचणीत ते दुधाच्या जवळजवळ तिप्पट असते. तुमच्याकडे नाचणी मिळत असेल तर आठवड्यातून दोनदा तिची भाकरी करा.

पण एवढे सगळे घरात असून मूल डब्यात काय नेते? मैद्याचा पाव, बिस्किटे, नाहीतर पाच-दहा रुपयांची पुडी. असे का होते? गरिबीमुळे, असे आपण पटकन म्हणतो. आम्हाला ते पटत नाही. पुडी काही फुकट येत नाही.

आम्ही ३५ वर्षे प्राथमिक शाळेत होतो. दुपारच्या सुट्टीत मुलांच्या पंगतीतून फिरायची आम्हाला सवय होती. एका शाळेत तिसरीतला एक मुलगा डब्याचे झाकण उभे धरून त्याच्या आड जेवायचा. आम्ही विचारले, "काय रे, काय लपवतोस?" तो आधी बोलेचना. मग हळूच म्हणाला, "गुर्जी, भाकरी हाय. पोरं हसत्यात."

डब्यात बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि दाण्याची चटणी होती. सगळ्या पंगतीत तोच डबा चांगला होता, आणि तोच झाकणाआड होता! हसणारी मुले जाम लावलेला पाव खात होती. आम्ही आमचा डबा घेऊन त्याच्याशेजारी बसलो. आमच्याही डब्यात बाजरीचीच भाकरी होती. दुसऱ्या दिवशी त्याने झाकण खाली ठेवले. हसणारी पोरे लगेच सुधारली असे काही नाही. पण महिन्याभरात दोघे-तिघे भाकरी आणू लागले, आणि त्याच्या चटणीला वाटेकरी झाले.

ही लाज मुलाला कोण शिकवते? आपणच शिकवतो. पाहुणे आले की आपण भाकरी आत सारतो आणि चपाती पुढे करतो. "आमचा बंड्या भाकरी खातच नाही," असे आपण कौतुकाने सांगतो. मुलाचे कान तिखट असतात. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. ज्वारी, बाजरी, नाचणी यांनाच भरडधान्ये म्हणतात. शहरातले लोक आज तेच पीठ चढ्या भावाने विकत घेतात. आपल्या घरातल्या भाकरीची किंमत त्यांना कळली.

आता पुडीचा हिशेब करू. समजा, मुलाला रोज १० रुपये देता. शेंगदाणे किलोला १५० रुपये धरा. तर १० रुपयांत ६६ ग्रॅम, म्हणजे दोन चांगल्या मुठी दाणे येतात. त्यात सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त! पुडीत काय असते? तुम्हाला आता वाचता येते. पुडीची पाठ पाहा. आत काय घातले आहे, ते तिथे छापलेले असते. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो आधी छापायचा, असा नियम आहे. अक्षरे इंग्रजी असली तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. मैदा, तेल, साखर, मीठ ही नावे पुढेच सापडतील. एकदा मुलानेच वाचून दाखवले, म्हणजे तुम्हाला वेगळे ओरडावे लागणार नाही.

शाळेच्या फाटकासमोर अशी दुकाने असतात. २०२० साली सरकारने नियम केला आहे, की फार तेलकट, फार खारट आणि फार गोड खाऊ शाळेत विकायचा नाही, आणि फाटकापासून ५० मीटरच्या आतही विकायचा नाही. शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पालकच जास्त असतात. हा विषय तिथे काढा. दुकानदार आपल्याच गावचा असतो. भांडण नको. फुटाणे, शेंगा, चिक्की, केळी ठेव, आमची पोरे तुझ्याचकडून घेतील, असे त्याला सांगावे.

आता अडचण वेळेची. बाई पहाटे उठते. पाणी, झाडलोट, धारा, चहा. त्यात साडेसातची जीप. अशा वेळी पाव-बिस्कीट सोयीचे वाटते, यात तिचा काय दोष? म्हणून डब्याची तयारी आदल्या संध्याकाळी करावी. आणि ती एकट्या बाईने करावी असे कुठे लिहिले आहे? भाजी निवडणे, शेंगा फोडणे, लसूण सोलणे ही कामे ओट्यावर बसून गप्पा मारता मारता गड्यांनाही जमतात. आम्ही स्वतः रोज करतो.

मटकीला मोड आणणे सोपे आहे. बुधवारच्या डब्यात उसळ हवी, तर सोमवारी रात्री मटकी भिजत घाला. मंगळवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधून ठेवा. बुधवारी पहाटेपर्यंत मोड येतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. मोड आलेले कडधान्य लवकर शिजते, पोटाला हलके पडते आणि त्यातले लोहही अंगाला जास्त लागते. उसळ कोरडी करा, म्हणजे डब्यातून सांडून दप्तर खराब होणार नाही. पुस्तकाला तेल लागले की मूल डबा न्यायलाच कंटाळते.

ज्यांच्या मुलांना दुपारी भाकरी कडक लागते, त्यांनी धपाटे करावेत. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, एक वाटी गव्हाचे, अर्धी वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घ्या. त्यात चिरलेली मेथी दोन मुठी, थोडे तीळ, वाटलेला लसूण, हळद, मीठ घाला. मिरची बेताने घाला. आपल्या जिभेने मुलांची जीभ मोजू नका. कोमट पाण्यात मळून ओल्या फडक्यावर थापा आणि तव्यावर तेल सोडून भाजा. पीठ, डाळ, भाजी, तेल सगळे एकातच आले. शिवाय ते संध्याकाळपर्यंत मऊ राहते. मेथी नसेल तर शेवग्याचा पाला घाला. दारातल्या शेवग्याच्या शेंगा आपण बाजारात नेतो आणि पाला शेळीला घालतो. शेळी धष्टपुष्ट होते! हा पाला फार गुणाचा आहे. डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व त्यात भरपूर असते. रानातली चिगळ, तांदुळजा, अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, यांना पैसे पडत नाहीत. पालेभाजीला थोडे तेल मात्र हवे. ते जीवनसत्त्व तेलाबरोबरच अंगी लागते.

दाण्याचा लाडू सर्वांना आवडतो. दोन वाट्या भाजलेल्या दाण्यांचे कूट आणि पाऊण वाटी गूळ. बस्स. गुळाने रक्त वाढते, असे पुष्कळ जण समजतात आणि गूळ वाढवत जातात. लाडवात गूळ असतो एवढासा, त्यातून लोह कितीसे मिळणार? गूळ गोडीपुरता घालावा. दाणे मात्र निवडून घ्यावेत. काळे पडलेले, बुरशी आलेले, कडू दाणे फेकून द्या. त्या बुरशीत विष असते आणि भाजून ते पुरते जात नाही. "थोडेसे चालते" असे इथे म्हणू नका.

अंडी खाणाऱ्यांनी उकडलेले अंडे द्यावे. कवच तसेच ठेवावे आणि मुलाने खाताना सोलावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. घरात अंडे एकच असले, की ते मुलाच्या डब्यात जाते. दूध कपभरच असले, की ते मुलाला मिळते. मुलीला म्हणतात, "तुला काय करायचंय?" तिलाच तर जास्त करायचे असते. पुढे तिची पाळी सुरू होते, तेव्हा महिन्याच्या महिन्याला रक्त जाते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघरी पाहणी झाली. तिच्यात १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींत ५९ मुलींचे रक्त कमी आढळले. मुलांत हा आकडा ३१ होता. एवढा फरक एका दिवसात पडत नाही. तो डब्याडब्याने पडतो. अंडे एकच असेल तर सुरीने मधोमध कापा, नाहीतर एक दिवस याला, एक दिवस तिला द्या.

रक्ताचीच आणखी एक बाब. आपल्या जेवणातले लोह अंगाला सहज लागत नाही. त्याच्याबरोबर आंबट फळ असले तर जास्त लागते. लिंबू, आवळा, पेरू, बोरे, काहीही चालेल. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह वाया जाते. म्हणून भाकरी चहात बुडवून देऊ नका. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर असू द्या. लहान मुलाला चहा दिलाच नाही तर सगळ्यांत बरे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती मुलाला घेऊ द्या. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, जंताची गोळी देतात. पोटात जंत असले तर चांगल्या डब्याचाही पुरता उपयोग होत नाही. "गोळी नको, पोर आजारी पडेल" असे म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. असे करू नका. मूल खरेच तापाने आजारी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गुरुजींना तसे सांगा.

डब्याच्या भांड्याविषयी थोडे. स्टीलचा डबा सर्वांत चांगला. पितळी डब्याला कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो आणि मुलाला उलट्या होतात. गरम अन्न प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका. गरम भाकरी लगेच झाकू नका, वाफेने ती ओली होते आणि आंबते. वाफ जाऊ द्या, मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवा. रात्रीची भाकरी सकाळी चालेल, पण रात्रीचा भात डब्यात नको. तो उन्हाळ्यात तर मुळीच नको. भाताला वास आला नाही तरी तो बाधू शकतो. डबा आला की त्याच दिवशी साबणाने घासा. झाकणाच्या खोबणीत अन्न अडकते, तिथे बोट फिरवून पाहा. आणि मुलाला जेवणाआधी साबणाने हात धुवायची सवय लावा. शाळेत साबण नसेल तर एक तुकडा दप्तरात द्या.

डबा किती भरावा? पहिली-दुसरीच्या मुलाला मध्यम आकाराची एक भाकरी आणि अर्धी वाटी उसळ पुरते. चौथीच्या मुलाला दीड-दोन भाकरी लागतात. खेळणारे मूल जास्त खाते. डबा रिकामा आला म्हणजे पुरला, असे मात्र समजू नका. कधी तो कुत्र्याला गेलेला असतो, कधी मित्राला. घरी आल्या आल्या मूल चुलीकडे धावत असेल, तर डबा कमी पडतो आहे.

यासाठी एक अभ्यास देतो. एक जुनी वही घ्या. आठवडाभर डब्यात काय दिले आणि काय परत आले, हे आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहावे. जास्त लिहायचे नाही. असे लिहा :

सोमवार. बाजरीची भाकरी, मेथी, चटणी. मेथी परत आली.

मंगळवार. मेथीचे धपाटे, लिंबाची फोड. सगळे संपले.

बुधवार. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पेरू. अर्धी भाकरी परत आली. कडक झाली म्हणतो.

पाहा, सोमवारी परत आलेली मेथी मंगळवारी धपाट्यातून गेली. असे वहीतून कळत जाते. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी लाडू आणि केळे पुरे. रविवारी ती वही मुलाला वाचायला द्या. तुमच्या लिहिण्यात काना-मात्रा चुकली असेल तर ती तो काढील.